औषधनिर्मितीच्या अभियांत्रिकीत स्त्रीने आपले स्थान कसे घडवावे

औषधनिर्मितीच्या कारखान्यात अभियंता म्हणून रुजू होणाऱ्या तरुणीला अनेकदा सुरुवातीलाच टेबलावरचे काम देऊ केले जाते: प्रोटोकॉल लिहिणे, एसओपी (कामाची ठरलेली लेखी कार्यपद्धती) सुधारणे, नोंदी तपासणे. हे काम महत्त्वाचे आहे आणि ते देणाऱ्याचा हेतूही बहुधा चांगलाच असतो. मात्र तेवढ्यावरच थांबल्यास पुढे प्रकल्पप्रमुख निवडण्याची वेळ आली की ‘तिला प्लांटचा अनुभव नाही’ हे एकच वाक्य आड येते. म्हणून पहिल्या दोन-तीन वर्षांत कमिशनिंग (नवे यंत्र बसवून चालू करणे) आणि क्वालिफिकेशनचे (ते अपेक्षेप्रमाणे चालते हे चाचण्यांनी सिद्ध करणे) काम मागून घ्यावे, आणि ही मागणी तोंडी न ठेवता वार्षिक उद्दिष्टांत लिहवून घ्यावी, असा माझा आग्रह आहे.

एखादेच यंत्र निवडावे, पण त्याच्या यूआरएसपासून (वापरणाऱ्याच्या गरजांची यादी) एफएटी (यंत्र बनवणाऱ्याकडची चाचणी), एसएटी (आपल्या कारखान्यातली चाचणी), आयक्यू (यंत्र नीट बसवल्याची पडताळणी), ओक्यू (ते नीट चालते याची पडताळणी) आणि पीक्यूपर्यंत (प्रत्यक्ष कामातील कामगिरीची पडताळणी) सर्व टप्प्यांवर स्वतः हजर राहावे. ऑटोक्लेव्ह, म्हणजे दाबाखालील वाफेने निर्जंतुक करणारे यंत्र, त्यासाठी उत्तम. १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे हा आकडा सर्वांनाच पाठ असतो. परंतु थर्मोकपल (तापमान मोजणारे संवेदक) लावून मालाच्या कोणत्या भागात उष्णता उशिरा पोहोचते आणि अडकून राहिलेली हवा वाफेला कशी अडवते, हे जिने स्वतः मोजले आहे, तिच्या निष्कर्षावर शंका घेणाऱ्याला आधी तिचे आलेख खोडून काढावे लागतात. इंजेक्शनसाठीच्या पाण्याची प्रणाली हाही असाच शिकवणारा विषय आहे, कारण पाइपचा उतार, डेड लेग (पाणी साचून राहणारा पाइपचा बंद फाटा), तापमान आणि वाहकता यांचा परस्परसंबंध तेथे रोज डोळ्यांसमोर असतो.

मार्गारेट हचिन्सन रूसो यांचे उदाहरण येथे मोलाचे आहे. १९३७ मध्ये मॅसेच्युसेट्सच्या एमआयटीतून रासायनिक अभियांत्रिकीत डॉक्टरेट मिळवणाऱ्या त्या अमेरिकेतील पहिल्या महिला, आणि दुसऱ्या महायुद्धात खोल टाक्यांमध्ये पेनिसिलिनचे व्यापारी उत्पादन करणाऱ्या पहिल्या प्रकल्पाची रचना त्यांनी केली. त्यांचा प्रबंध वायू द्रवात शोषला जाण्याविषयी होता, आणि टाकीतल्या बुरशीला पुरेसा ऑक्सिजन पुरवणे हा किण्वनातला (सूक्ष्मजीव वाढवून पदार्थ तयार करण्यातला) कळीचा प्रश्न त्याच शास्त्राशी जोडलेला आहे. मला यातून असे वाटते की वस्तुमान-स्थानांतरण (पदार्थ एका माध्यमातून दुसऱ्यात जाणे), उष्णता-स्थानांतरण किंवा पावडरचे वर्तन यांपैकी एका मूलभूत विषयावर पक्की पकड असावी. यंत्रे बदलत राहतात, तो पाया आयुष्यभर उपयोगी पडतो.

बैठकीत बोलणे तोडले जाते किंवा आपलाच मुद्दा दुसऱ्याच्या नावावर जातो, ही तक्रार या क्षेत्रातील स्त्रिया वारंवार करतात. त्यावर उपाय म्हणून आराखड्यावरील शेरे बैठकीपूर्वीच लेखी पाठवावेत, जोखीम-मूल्यांकनात प्रत्येक धोक्याला दिलेल्या गुणांमागचे कारण नोंदवण्याचा आग्रह धरावा, आणि इतिवृत्त हाती येताच ते तपासून दुरुस्ती कळवावी. डीव्हिएशनच्या (ठरलेल्या पद्धतीपासून झालेल्या विचलनाच्या) चौकशीचे नेतृत्व करण्याची संधी मिळाली, तर ती सोडू नये.

सुरक्षेचा प्रश्न मात्र संकोचाने मागे ठेवला जातो, आणि तेच सर्वांत घातक आहे. हार्मोन्स किंवा कर्करोगाची औषधे हाताळणाऱ्या विभागात जाण्यापूर्वी त्या द्रव्याची एक्स्पोजर मर्यादा (हवेतील त्याचे किती प्रमाण चालते), कंटेनमेंटची (ते बाहेर पसरू न देण्याची) पद्धत आणि त्याच्या चाचणीचे निकाल मागावेत. गर्भधारणेचे अगदी सुरुवातीचे आठवडे विशेष नाजूक असतात आणि तेव्हा अनेकदा ती लक्षातही आलेली नसते, म्हणून ही माहिती आधीच हवी. शिवाय काही द्रव्ये पुरुषांच्या प्रजननक्षमतेलाही अपाय करत असल्याने हा प्रश्न संपूर्ण पथकाचा म्हणून मांडावा. रेस्पिरेटर (श्वसनरक्षक मुखवटा) आपल्या चेहऱ्यावर नीट बसतो की नाही, याची फिट टेस्ट करून घ्यावी. क्लीनरूमचे (धूळ व जंतू नियंत्रित ठेवलेल्या खोलीचे) कपडे उतरवून पुन्हा चढवण्यात बराच वेळ जातो, त्यामुळे मासिक पाळीच्या दिवसांत विश्रांतीची सोय शिफ्टच्या वेळापत्रकातच धरली जावी, अशी स्पष्ट मागणी करावी.

प्रसूती रजेनंतर किंवा खंडानंतर परतताना मधल्या काळात बदललेले नियम प्रथम वाचावेत. उदाहरणार्थ, निर्जंतुक औषधांसाठीच्या युरोपीय संघाच्या उत्पादन-नियमावलीच्या सुधारित ॲनेक्स १ (परिशिष्ट १) मधील बहुतांश तरतुदी २५ ऑगस्ट २०२३ पासून लागू झाल्या आणि त्यात दूषितता-नियंत्रणाच्या समग्र धोरणावर भर आहे. त्यानंतर एखाद्या लहान यंत्राचे रिक्वालिफिकेशन (पुन्हा पडताळणी) स्वतःच्या नावावर मागून घ्यावे.