वडाचं पान, चीक आणि वंशवृक्ष

बडोद्याच्या नावातच वड, म्हणून झाडांची उत्क्रांती डीएनएवरून शिकायला आलेल्या मुलांना मी वड, पिंपळ, उंबर यांच्यापासूनच सुरुवात करायला लावते. तिन्ही फायकस या एकाच प्रजातीतल्या (जवळच्या जातींच्या गटातल्या) जाती. जोडीला फणस घ्यायचाच: कुळ तेच, पण फायकसबाहेरचा, म्हणून वंशवृक्षाचं मूळ कुठे धरायचं ते त्याच्यावरून ठरतं.

वटपौर्णिमेला बाजारात मिळणाऱ्या फांद्या आणू नका. कुठल्या झाडाच्या, ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. परवानगी काढून प्रत्येक जातीची तीन-चार झाडं निवडा, फळासकट डहाळी दाबून वाळवा आणि पानाच्या पिशवीवर तोच क्रमांक पेन्सिलीने लिहा. पेनची शाई स्पिरिटने जाते. उत्तर विचित्र आलं की त्या वाळक्या डहाळीकडेच परतावं लागतं.

पान कोवळं हवं. चीक टिपकागदाने टिपा, पान स्पिरिटने पुसा आणि टी-बॅगमध्ये घालून दहापट वजनाच्या सिलिका जेलमध्ये ठेवा. दुमडल्यावर कडकन मोडलं पाहिजे. नुसतं लवलं तर सिलिका बदला. पुसण्याचा आळस मी एकदा केला होता. रस्त्याकडेच्या वडाचं काजळी धरलेलं जून पान घेतलं, आयटीएस या डीएनएच्या तुकड्याचा क्रम मिळाला, जुळवून पाहते तर बुरशी! तो तुकडा पकडायला वापरतात ते प्रायमर (डीएनएचे छोटे धागे) बुरशीचाही तोच भाग उचलतात. महिना गेला.

डीएनए काढायला डॉइल आणि डॉइल यांची १९८७ ची सीटॅब (साबणासारखं द्रव्य) पद्धत चालते, पण चिकाच्या झाडांत फिनॉलांचा त्रास आवरणारी पीव्हीपी आणि मर्कॅप्टोइथेनॉल ही द्रव्यं विसरू नका. मर्कॅप्टोइथेनॉलला सडक्या अंड्यांसारखी घाण येते, तेव्हा धूरखिडकीतच (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात) उघडा. ६५ अंशांवर पाऊण तास ठेवा, मग क्लोरोफॉर्म घालून फिरवा आणि फक्त वरचा थर उचला. अधाशीपणा करून मधली साय ओढलीत तर सगळं पुन्हा. गार आयसोप्रोपॅनॉल घातल्यावर पांढरे धागे दिसले तर छान. तपकिरी, श्रीखंडासारखा लगदा दिसला तर ती पिष्टमय द्रव्यं आणि फिनॉलं. पुढच्या वेळी पूड आधी सॉर्बिटॉलच्या द्रावणात धुऊन घ्या. पीसीआर (डीएनएच्या प्रती काढण्याची क्रिया) बसत नसेल तर डीएनए वाढवू नका, दहापट पातळ करा. मुलांना हे पटत नाही, पण अडथळा आणणारी द्रव्यंही त्यात पातळ होतात.

आता जनुक कुठलं? हरितलवकातलं (पानातल्या हिरव्या कणांतलं) आरबीसीएल सहज मिळतं, पण जवळच्या जातींत जवळपास सारखंच निघतं. स्मिथ आणि डोनोह्यू यांनी २००८ साली दाखवलं की झाडं-झुडपं अल्पायुषी रोपांपेक्षा डीएनएच्या पातळीवर सावकाश बदलतात. पिढी मोठी, बहुधा म्हणून बदल कमी. तेव्हा एकावर विसंबू नका, हरितलवकातलंच मॅटके आणि केंद्रकातला आयटीएसही घ्या.

आणि हे तुकडे लगेच एकत्र जोडू नका. हरितलवक बहुधा आईकडून येतं, केंद्रक दोघांकडून. मॅफ्ट या संगणकी प्रणालीने क्रम जुळवा, आयक्यू-ट्री या दुसरीने हरितलवकाचा आणि केंद्रकाचा असे दोन वेगळे वंशवृक्ष काढा आणि शेजारी ठेवा. ते जुळले नाहीत तर आधी नमुन्यांची अदलाबदल तपासा, मग संकराचा विचार करा. बूटस्ट्रॅप (वंशवृक्षाची फांदी किती भरवशाची ते सांगणारा शंभरपैकी आकडा) सत्तरच्या खाली असलेल्या फांदीवर मी तरी काही बोलत नाही.

कृष्णवड घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो, पान द्रोणासारखं असतं ना. कोणी त्याला स्वतंत्र जात म्हणतात, कोणी वडाचाच प्रकार. घ्या खुशाल, पण नर्सरीतली रोपं बऱ्याचदा फांदी लावून केलेली असतात. दहा कुंड्यांतली दहा पानं म्हणजे एकच झाड दहादा मोजलं, असंही निघेल.