प्रारूप विकास आराखडा कसा वाचावा आणि त्यावर हरकत कशी नोंदवावी

महानगरपालिका किंवा नगरपरिषद आपल्या हद्दीचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध करते, तेव्हा शहरात दोन-चार दिवस मोठी खळबळ उडते. कोणाच्या तरी मोबाईलवर नकाशाचा धूसर फोटो येतो, त्यावर बोट ठेवून 'आपल्या चाळीवर बाग आली' असे सांगितले जाते, आणि खरा नकाशा पाहण्यासाठी कार्यालयात जाणारे मात्र मोजकेच असतात. महाराष्ट्रात हा आराखडा महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्यानुसार तयार होतो आणि वीस वर्षांतून किमान एकदा त्याची सुधारणा करावी लागते. म्हणजे घर कोठे बांधता येईल, शाळेसाठी जागा कोठे राखली जाईल, रस्ता किती रुंद होईल आणि परवडणाऱ्या घरांसाठी कोणती जमीन सोडली जाईल, हे ठरवण्यात सामान्य नागरिकाला एका पिढीत साधारण एकदाच थेट बोलता येते. ते नेमके कसे बोलावे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

सुरुवात जाहीर सूचनेपासून करावी. कायद्याच्या कलम २६ नुसार ही सूचना राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रांत छापली जाते. हरकती व सूचना किती दिवसांत द्यायच्या आणि ते दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे, हे तिच्यात स्पष्ट लिहिलेले असते. 'अजून वेळ आहे, मुदत वाढणारच' या भरवशावर राहू नये. काही शहरांत मुदत वाढली आहे हे खरे, पण ती वाढवून घेण्याचा हक्क कोणालाही नाही. या जाहीर सूचनेचे कात्रण जपून ठेवावे, कारण पुढे अर्जावर तिचा क्रमांक आणि दिनांक लिहावा लागतो.

त्यानंतर कार्यालयात जाऊन मूळ कागद पाहावेत. पुष्कळ लोक केवळ रंगीत प्रस्तावित नकाशा पाहतात आणि परततात. वास्तविक आराखड्यासोबत विद्यमान जमीन वापर नकाशा व त्याचा अहवाल, प्रस्तावांचे स्पष्टीकरण करणारा विकास योजना अहवाल, विकास नियंत्रण नियमांसंबंधीची माहिती, अंमलबजावणीचे टप्पे आणि भूसंपादन व कामे यांच्या खर्चाचा अंदाजही प्रसिद्ध करावा लागतो. या सर्वांत विद्यमान जमीन वापर नकाशा सर्वात दुर्लक्षित राहतो, आणि माझ्या मते तोच सर्वात महत्त्वाचा आहे. नगररचना अधिकारी आरक्षणे टाकतात, म्हणजे बाग, शाळा, रस्ता अशा सार्वजनिक कामासाठी जागा राखून ठेवतात, ती या नकाशावर मोकळ्या दिसणाऱ्या जागांवर. सर्वेक्षणात वस्ती असलेली जागा 'रिकामी' किंवा 'शेती' म्हणून नोंदली गेली, तर पुढे त्या घरांवर क्रीडांगण किंवा वाहनतळ येणे हा त्याच चुकीचा परिणाम असतो. मुंबईत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रारूप आराखड्यात अशा चुका इतक्या निघाल्या, की राज्य शासनाला तो नव्याने करण्याचे आदेश द्यावे लागले आणि सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये पुन्हा लोकांपुढे ठेवले गेले. म्हणून आपल्या भागाचे सर्वेक्षण कोणत्या महिन्यात झाले हे अहवालात शोधावे आणि त्या तारखेला तेथे प्रत्यक्षात काय होते याचे पुरावे जमवण्यास लागावे. घरपट्टीची पावती, वीजबिल, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, मतदार यादीतील नोंद यांपैकी जे असेल ते उपयोगी पडते.

नकाशावर आपली जागा ओळखणे वाटते तितके सोपे नाही. शहराच्या जुन्या भागात जमिनीला नगर भूमापन क्रमांक असतो आणि तिचा कागद म्हणजे मालमत्ता पत्रक. वाढीव हद्दीतील गावांत मात्र सर्वे क्रमांक किंवा गट क्रमांक आणि सातबारा पाहावा लागतो. एका सर्वे क्रमांकाचे अनेक हिस्से झालेले असतात आणि आराखड्याच्या नकाशावर हे हिस्से बहुधा दाखवलेले नसतात. अशा वेळी भूमी अभिलेख कार्यालयातून मोजणी नकाशाची प्रत घ्यावी आणि नगररचना विभागाकडे झोन दाखला (जमीन आराखड्यात कोणत्या वापरासाठी दाखवली आहे याचे प्रमाणपत्र) व भाग नकाशा (आराखड्याच्या नकाशातील आपल्या जागेपुरता उतारा) मागावा. भाग नकाशा हातात असला की अर्जात 'आमच्या घराजवळ' असे मोघम लिहिण्याऐवजी नेमका क्रमांक आणि नेमकी बाजू लिहिता येते.

नकाशाचे प्रमाणही समजून घ्यावे. प्रमाण १:४००० असेल, तर कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे ४० मीटर आणि एक मिलिमीटर म्हणजे ४ मीटर. नऊ मीटर रुंदीचा रस्ता बारा मीटरचा झाला, तर कागदावर फरक पडतो तो मिलिमीटरपेक्षाही कमी. रस्त्याची रुंदी रेषेच्या जाडीवरून कधीही ठरवू नये. रस्त्यावर लिहिलेला आकडा वाचावा आणि तो अहवालातील रस्त्यांच्या तक्त्याशी ताडून पाहावा. नकाशा आणि तक्ता यांत तफावत आढळली, तर ती तफावत हाच हरकतीचा भक्कम मुद्दा होतो. क्षेत्राच्या बाबतीतही असाच घोळ होतो. आरक्षणांच्या यादीत क्षेत्र हेक्टरमध्ये असते, सातबारावर हेक्टर-आर असते आणि घरात बोलणे गुंठ्यांचे असते. ०.४० हेक्टर म्हणजे ४० आर, म्हणजेच ४,००० चौरस मीटर. गुंठ्यांत ते साडेएकोणचाळीसच्या आसपास भरते. रंगांचा अर्थ लावताना नकाशाच्या कोपऱ्यातील सूची पाहावी. पिवळा म्हणजे रहिवासी आणि हिरवा म्हणजे शेती किंवा ना-विकास, एवढी ढोबळ माहिती लोकांना असते. पण बागेचे आरक्षणही हिरवेच दिसू शकते, आणि या दोहोंचे परिणाम अगदी वेगळे आहेत.

घरांच्या दृष्टीने आराखडा तपासायचा असेल, तर प्रथम अहवालातील लोकसंख्येचा अंदाज पाहावा. पुढील वीस वर्षांत किती लोक वाढतील, त्यांना किती रहिवासी क्षेत्र लागेल आणि शाळा, दवाखाना, बाग, बाजार यांपैकी कोणत्या सुविधेची किती तूट आहे, याचे तक्ते त्यात असतात. आपल्या विभागातील तूट आणि त्याच विभागात टाकलेली आरक्षणे यांचा मेळ बसतो का, हे साध्या बेरीज-वजाबाकीने कळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांसाठी, प्रकल्पबाधितांसाठी किंवा सार्वजनिक गृहनिर्माणासाठी किती जागा राखली आहे आणि ती कोठे आहे, हेही पाहावे. अशी आरक्षणे पुष्कळदा शहराच्या अगदी कडेला, पाण्याची वाहिनी आणि बस दोन्ही न पोहोचलेल्या जमिनीवर टाकलेली आढळतात. त्यामागे जमिनीची किंमत हे कारण असते, तसे शेजाऱ्यांच्या हरकती हेही असते. आपल्या वस्तीजवळ गरिबांची घरे नकोत, अशी हरकत घेणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे, की ती मान्य झाली तरी घरांची गरज संपत नाही; आपल्याकडे रोज कामाला येणाऱ्या माणसाची दोन तासांची पायपीट तेवढी वाढते. दहा लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडाच्या विकासात काही हिस्सा लहान घरांसाठी ठेवण्याची सर्वसमावेशक गृहनिर्माणाची तरतूद आहे. मात्र या तरतुदीवर विसंबून आराखड्यात स्वतंत्र जागाच राखली नसेल, तर ती राखावी अशी सूचना करता येते. हरकतीप्रमाणेच सूचनेचीही नोंद घ्यावी लागते, याचा अनेकांना विसर पडतो.

हरकत कोण घेऊ शकतो, हा प्रश्न वारंवार विचारला जातो. कायद्यातील शब्द 'कोणतीही व्यक्ती' असा आहे. जमिनीची मालकी असण्याची अट नाही. भाडेकरू, झोपडपट्टीतील रहिवासी, फेरीवाला, शाळेचे पालक, गृहनिर्माण संस्था यांपैकी कोणीही लेखी हरकत देऊ शकतो. मालकाने कागद जोडले तर उत्तम, पण रहिवाशाकडे सातबारा नाही म्हणून त्याचा अर्ज परत करता येत नाही.

आता प्रत्यक्ष अर्ज. एका अर्जात एकच विषय घ्यावा. रस्ता, बाग आणि पाणीपुरवठा अशा तीन तक्रारी एका पानावर लिहिल्या, की छाननीत त्या एकाच रकान्यात टाकल्या जातात आणि उत्तर सर्वात सोप्या मुद्द्याचे मिळते. अर्जात सूचनेचा क्रमांक व दिनांक, नकाशाचा क्रमांक, जमिनीचा क्रमांक, आरक्षण असल्यास त्याचा क्रमांक, हरकतीचे कारण, पुरावा आणि पर्याय एवढे यावे. यांपैकी पर्याय बहुतेक अर्जांत नसतो. आरक्षण रद्द करा एवढेच म्हणणाऱ्या अर्जामुळे त्या सुविधेची तूट तशीच राहते, त्यामुळे हरकती ऐकणाऱ्या नियोजन समितीला तो नाकारणे सोपे जाते. त्याच परिसरात दुसरी मोकळी, शक्यतो शासकीय जमीन दाखवली, किंवा आरक्षणाचा आकार थोडा बदलून घरे वाचतात हे रेखाटून दिले, तर समितीपुढे निर्णय घेण्याजोगे काही तरी येते. मजकूर साधारण असा असावा:

'प्रारूप विकास योजनेच्या अमुक क्रमांकाच्या नकाशावर सर्वे क्रमांक अमुक, हिस्सा क्रमांक अमुक या जमिनीवर क्रीडांगणाचे आरक्षण दर्शवले आहे. विद्यमान जमीन वापर नकाशात ही जमीन रिकामी दाखवली असली, तरी सर्वेक्षणाच्या दिनांकापूर्वीपासून तेथे ३२ कुटुंबे राहत असून त्यांच्या घरपट्टीच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. सबब विद्यमान वापराची नोंद दुरुस्त करावी आणि हे आरक्षण लगतच्या अमुक सर्वे क्रमांकाच्या पूर्वेकडील मोकळ्या शासकीय जमिनीवर स्थलांतरित करावे, ही विनंती. मला प्रत्यक्ष सुनावणीची संधी मिळावी.'

शेवटचे वाक्य विसरू नये. अर्ज दोन प्रतींत नेऊन एकीवर आवक क्रमांक, शिक्का आणि तारीख घ्यावी. ऑनलाइन सोय असेल तर पोचपावती छापून ठेवावी. छापील नमुन्यावर शेकडो सह्या गोळा करून देण्याची पद्धत सर्वत्र आहे आणि तिचा राजकीय उपयोग नाकारता येत नाही. पुण्यात २०१३ च्या प्रारूप आराखड्यावर हजारो हरकती आल्या होत्या, त्या दडपणाने विषय गाजला हे खरेच. तथापि समितीच्या टेबलावर एकसारख्या मजकुराचे अर्ज एकत्र बांधले जातात आणि त्यांवर एकच निर्णय होतो. मी पाहिलेल्या एका सुनावणीत चारशे अर्जांचा गठ्ठा पाच मिनिटांत संपला, तर मोजणी नकाशा घेऊन आलेल्या एका निवृत्त शिक्षकाचे म्हणणे समितीने वीस मिनिटे ऐकले. शक्य असल्यास दोन्ही करावे: सह्यांचा अर्ज वेगळा द्यावा आणि मोजमापांसह एक नीट अर्ज वेगळा द्यावा.

सुनावणी घेते ती हीच नियोजन समिती. कलम २८ नुसार तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरण यांचे विशेष ज्ञान असलेले, नेमलेले जास्तीत जास्त चार सदस्य असतात. सुनावणीची नोटीस टपालाने येते आणि कधी कधी ती अवघ्या काही दिवसांच्या अंतराने येते, म्हणून अर्जावर पूर्ण पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक द्यावा. स्वतः जाणे शक्य नसेल, तर प्रतिनिधीला अधिकारपत्र द्यावे. बोलायला मिळणारा वेळ थोडा असतो. आराखडा कसा अन्यायकारक आहे या भाषणात तो घालवू नये. भाग नकाशा समोर ठेवून आपली जागा, चूक आणि पर्याय या क्रमाने सांगावे. जागेची पाहणी करावी अशी मागणी तेथेच लेखी द्यावी.

या काळात बांधकाम परवानगीच्या अर्जांवरही परिणाम होतो, हे इच्छुकांनी लक्षात ठेवावे. प्रारूप प्रसिद्ध झाल्यावर परवानगी देताना नियोजन प्राधिकरणाला, म्हणजे महानगरपालिकेला किंवा नगरपरिषदेला, त्याचा विचार करावा लागतो. त्यामुळे 'अजून मंजूर कुठे झालाय' असे सांगून भूखंड विकणाऱ्याकडून झोन दाखला मागितल्याशिवाय इसार देऊ नये.

समितीच्या अहवालानंतर बदलांसह आराखडा शासनाकडे जातो. शासन तो पूर्णतः किंवा भागशः मंजूर करू शकते. शासनाने मोठे फेरबदल सुचवले, तर तो भाग मंजुरीतून वगळून त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. या दुसऱ्या सूचनेकडे फारसे कोणी पाहत नाही, मात्र पहिल्या फेरीत वाचलेली जागा या टप्प्यावर पुन्हा आरक्षणात येऊ शकते. तेव्हा मंजुरीची अधिसूचना आणि तिच्यासोबतची फेरबदलांची परिशिष्टे आपल्या जमिनीच्या क्रमांकासाठी एकदा तरी चाळावीत.

आरक्षण कायम राहिले, तर मालकासाठी कलम १२७ उरते. अंतिम आराखडा अंमलात आल्यापासून दहा वर्षांत ती जमीन ताब्यात घेतली गेली नाही किंवा संपादनाची कार्यवाही सुरू झाली नाही, तर मालकाला खरेदी सूचना, म्हणजे 'ही जमीन आता विकत घ्या' अशी प्राधिकरणाला नोटीस, देता येते. सूचनेनंतर २४ महिन्यांतही प्राधिकरणाने पावले उचलली नाहीत, तर आरक्षण व्यपगत झाल्याचे, म्हणजे आपोआप संपल्याचे, मानले जाते. पूर्वी सूचनेनंतरची ही मुदत कमी होती. २०१५ च्या दुरुस्तीने ती वाढली, त्यामुळे जुन्या माहितीवर विसंबून नोटीस देणाऱ्यांची फसगत होते. सूचनेसोबत मालकीचे कागद जोडणे आवश्यक आहे.

रहिवाशांना खरेदी सूचनेचा हा मार्ग नाही. त्यांनी कलम ३७ खालील फेरबदलांच्या जाहिरातींवर नजर ठेवावी, कारण मंजूर आराखड्यातील एखादे आरक्षण बदलायचे तर प्राधिकरणाला पुन्हा सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. ही जाहिरात वृत्तपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या गर्दीत, चार बोटे जागेत छापलेली असते. मूळ हरकतीची शिक्का असलेली प्रत, सुनावणीची नोटीस आणि समितीच्या अहवालातील आपल्या क्रमांकापुढचा शेरा एका फायलीत ठेवलेला असेल, तर या वेळी अर्ज नव्याने लिहावा लागत नाही. जुन्यातील जमीन वापराचे पुरावे तेवढे अद्ययावत करून तो मुदतीत देता येतो.