व्याह्यांचा भाव कुठल्या लिस्टमध्ये?

बी.कॉम. होऊन मी ईआरपी, म्हणजे धंद्याची बिलं, माल आणि हिशेब एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, बसवून देणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले, तेव्हा प्राइस लिस्ट म्हणजे एक्सेलमधला दरांचा तक्ता, चढवला की झालं, अशी माझी समजूत होती. पहिलंच काम नाशिकच्या एका पीव्हीसी पाइपांच्या घाऊक दुकानाचं. सॉफ्टवेअर ईआरपीनेक्स्ट, मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचं, ओपन सोर्स म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेलं.

दुकानात एकाच अर्धा इंची एल्बोचे (पाइप वळवायच्या कोपराचे) चार भाव होते: डीलरचा, ठेकेदाराचा, प्लंबरचा आणि काउंटरवर येणाऱ्याचा. सगळे दिवाणजींच्या डोक्यात. "काका, गिऱ्हाइकांचे गट कसे पाडू?" असं विचारलं, तर म्हणाले, "नाशिक शहर, सिन्नर, निफाड, मालेगाव." माल पोचवणारी गाडी तशी लागते ना! मी मुकाट्याने कस्टमर ग्रुपमध्ये वर 'डीलर' आणि त्याखाली चार गावं लावली. डीलरची प्राइस लिस्ट वरच्या गटाला जोडली. खाली झिरपेल असं धरून चालले.

झिरपत नाही. बिल करताना आधी गिऱ्हाइकाच्या स्वतःच्या पानावर लिस्ट आहे का ते बघितलं जातं. नसेल तर तो थेट ज्या गटात आहे त्या गटाची, तीही नसेल तर सेलिंग सेटिंग्जमधली, म्हणजे सगळ्यांसाठी ठेवलेली. गटाच्या वरच्या गटाला कोणी विचारत नाही. सिन्नरच्या डीलरला काउंटरच्या भावाने बिल गेलं आणि त्याचा फोन थेट मालकांना. प्रायसिंग रूल, म्हणजे सूट वगैरे देण्याचा नियम, मात्र वरच्या गटावर लावला तरी खालच्यांना लागतो. मी आधी तोच शिकले होते, म्हणून फसले.

चारही गटांना लिस्ट जोडायला पाच मिनिटं लागली. पण सिन्नर आणि मालेगावचा भाव एकच, तर गट दोन कशाला? गावांसाठी टेरिटरी नावाची वेगळी सोय आहेच. मग मी दिवाणजींना विचारणं सोडलं आणि मागच्या तीन महिन्यांची बिलं काढली. एकच एल्बो धरला, कोणाला कितीला गेला ते लिहीत गेले. ठेकेदारांचे दोन ढीग पडले: रोखीचे आणि उधारीचे. हे कोणी सांगितलंच नव्हतं, कारण दुकानात ते सांगण्यासारखं कोणाला वाटत नव्हतं. नव्याने या कामात येणाऱ्यांनी बोलण्यापेक्षा जुन्या बिलांवर विश्वास ठेवावा.

आणखी दोन गोष्टी. काउंटरचा भाव करासकट बोलला जातो, डीलरचा 'प्लस जीएसटी'. दोन्ही आकडे तसेच चढवले तर 18 टक्क्यांचा घोळ होतो. आणि लिस्टमध्ये भाव नसलेल्या वस्तूला बिलात हाताने टाकलेला दर आपोआप लिस्टमध्ये जावा, असं एक सेटिंग स्टॉक सेटिंग्जमध्ये असतं. ते सुरुवातीला बंदच ठेवा. काउंटरवरच्या पोराची एक चूक सगळ्यांचा भाव होते.

सगळं बसल्यावर एक नाव कुठेच बसेना. मालकांचे व्याही. त्यांचा भाव डीलरपेक्षाही कमी. त्यांच्या पानावर वेगळी लिस्ट जोडली आणि नाव दिलं 'व्याही'. मालकांनी स्क्रीन बघितली आणि हळूच म्हणाले, "मॅडम, 'विशेष' लिहा. पोरं वाचतात."