ऑटिस्टिक मुलांसोबत काम करायचंय? आधी बघायला शिका

मी नाशिकमध्ये विशेष शिक्षिका आहे. या क्षेत्रात येऊ पाहणारी मुलं-मुली पहिला प्रश्न कोर्सचा विचारतात, म्हणून तो आधी. विशेष शिक्षक व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच डीएड किंवा बीएड करा आणि परिषदेकडे नोंदणी करा. स्पीच थेरपीसाठी बीएएसएलपी ही पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षं. ऑक्युपेशनल थेरपीची, म्हणजे रोजची कामं जमायला मदत करणाऱ्या उपचाराची, पदवी देणारं आरोग्य विद्यापीठ आपल्या म्हसरूळला असलं, तरी शिकायला बहुतेकांना मुंबईचं केईएम, सायन, नायर किंवा नागपूर गाठावं लागतं. नुसत्या ऑनलाइन सर्टिफिकेटवर थेरपी द्यायला बसू नका.

कोर्समध्ये तंत्रं शिकवतात. बघायची सवय स्वतःला लावून घ्यावी लागते, आणि मला तीच सगळ्यांत मोलाची वाटते. एखादा मुलगा येता-जाता ‘तुला पाणी हवंय का?’ म्हणत असतो. घरचे म्हणतात, नुसती पोपटपंची. पण हे वाक्य तो नेमकं कधी म्हणतो ते टिपून ठेवा. पुष्कळदा तहान लागल्यावरच! पाणी देताना आई दरवेळी हेच विचारते, म्हणून तो मागतानाही तेच म्हणतो. मग त्याला दटावायचं कशाला? ग्लास देताना त्याच्या वतीने आपण ‘मला पाणी हवंय’ म्हणायचं, रोज, घाई न करता.

यासाठी वहीत तीन रकाने पुरतात: आधी काय घडलं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. गणपतीत नाशिक ढोल घुमायला लागला की कानांवर हात ठेवून जमिनीवर लोळणारं मूल हट्टी ठरतं. पहिला रकाना भरला की ढोल दिसतो. मिरवणुकीचा रस्ता टाळणं, आवाज अडवणारे इअरमफ, काय होणार हे आधीच चित्रांतून सांगणं, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. ‘माझ्याकडे बघ’ म्हणत हनुवटी धरून नजर वळवणं मला मान्य नाही. काही मुलं नजर न मिळवताच नीट ऐकतात.

पालकांशी बोलणं हा कामाचा अर्धा भाग. मुलाला बोलता यावं म्हणून घरातली मराठी बंद करून फक्त इंग्रजी बोलायचा सल्ला अजून दिला जातो. दोन भाषांमुळे ऑटिझम वाढत नाही. आजी ज्या भाषेत गोष्ट सांगते ती तोडू नका. हवं ते दाखवून मागायला चित्रकार्डं दिली तर मूल बोलणारच नाही, ही भीतीही निराधार आहे.

आणि ‘बरा होईल ना?’ हा प्रश्न येणारच. ऑटिझम घालवणारं औषध नाही, हे मायेने पण स्पष्ट सांगा. स्टेम सेल उपचाराच्या नावाने लाखो रुपये मागितले जातात; २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने ऑटिझमसाठी त्या उपचाराची शिफारस करत नाही, असं स्पष्ट सांगितलं आहे. पालक कर्ज काढायच्या आधी ही माहिती त्यांच्या हातात द्या, आणि सोबत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार प्रमाणपत्र कसं काढायचं तेही समजावून सांगा.