गाडीच्या काचेवरचा बर्फ काच न तडकवता कसा काढतो
कॅनडातल्या कॅलगरीत उणे 15 अंशाला काचेवर बर्फ असा धरतो की नख पण लागत नाही. मी आधी गाडी उघड्यावर चालू करतो (बंद गॅरेजमध्ये अजिबात नको, कार्बन मोनॉक्साइडने जीव जातो), डिफ्रॉस्टर (काचेवर गरम हवा सोडणारा) ऑन, रिसर्क्युलेशन (आतलीच हवा परत फिरवणं) बंद, म्हणजे आतली वाफ पण निघते, आणि तोवर बाहेरून दोन भाग रबिंग अल्कोहोल (आयसोप्रोपिल अल्कोहोल) एक भाग पाणी असा स्प्रे मारतो, थोड्या वेळात बर्फ कडेने सुटायला लागला की प्लास्टिकचा स्क्रेपर. उकळतं पाणी कोणी कितीही सांगितलं तरी ओतू नका, काच तडकू शकते, आधीच खडीचा टवका उडालेला असेल तर जास्तच भीती. वायपर चिकटलेले असतील तर मोकळे होईपर्यंत चालू करू नका, रबर फाटतं, मोटरवर लोड येतो.