परसबागेतील गोगलगायींचा बंदोबस्त

खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांकडे सरकला की गोगलगायी दिसेनाशा होतात. प्रत्यक्षात त्या शंखाचे तोंड पांढरट पापुद्र्याने बंद करून कुंड्यांखाली, विटांच्या ढिगात किंवा भिंतीच्या भेगांत पडून असतात आणि मृगाच्या सरींनी जमीन ओली झाली की बाहेर येतात. गोगलगाय उभयलिंगी असल्यामुळे प्रत्येक प्रौढ गोगलगाय अंडी घालू शकते, आणि मोठी शंखी गोगलगाय तर एका खेपेला शंभराहून अधिक अंडी मातीत घालते. त्यामुळे पहिल्या पावसानंतरच्या पंधरवड्यातच वेचणी सुरू करावी.

गिलक्याच्या वेलाला किंवा वांग्याच्या रोपाला भोके दिसली म्हणजे दोष गोगलगायीचाच असतो असे नाही. पानावर वा जमिनीवर वाळलेल्या चिकट स्रावाची चकचकीत रेघ असेल तर ती गोगलगाय, मग ती शंखाची असो वा बिनशंखाची. रेघ नसून लेंड्या दिसल्या तर अळी शोधावी.

सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे ओले बारदान. एक लिटर पाण्यात १०० ग्रॅम गूळ विरघळवून त्यात बारदान भिजवावे, दिवस मावळताना ते वाफ्याच्या कडेला पसरावे आणि सकाळी ऊन चढण्यापूर्वी उलटावे. खाली जमलेल्या गोगलगायी हातमोजे घालून किंवा चिमट्याने उचलाव्यात, कारण त्यांच्या शरीरात माणसाला अपायकारक परजीवी असू शकतात. त्या मिठाच्या वा साबणाच्या दाट पाण्यात बुडवून, मेल्यानंतर खड्ड्यात पुराव्यात. शेजाऱ्याच्या कुंपणापलीकडे फेकण्याची सवय अनेकांना असते, परंतु त्या परत येतात आणि शेजारधर्मही बिघडतो. मिठाचे पाणी मात्र वाफ्यात ओतू नये. भारी काळ्या जमिनीत क्षार साचले की निघणे अवघड असते.

वाफा खुरपताना साबुदाण्यासारखे पांढरट अंड्यांचे पुंजके सापडले तर तेही त्याच बादलीत टाकावेत. केळीच्या खुंटाभोवतीची सुकी पाने आणि पडलेल्या फळ्या हलवाव्यात, तसेच पाणी संध्याकाळी न देता सकाळी द्यावे, म्हणजे रात्री माती कोरडी राहते.

वाफ्याभोवती चुन्याचा पट्टा ओढण्याची पद्धत जुनी आहे. मात्र चुना कोरडा असेपर्यंतच तो अडवतो, पाऊस पडला की पुन्हा टाकावा लागतो, आणि आपल्या चुनखडीयुक्त जमिनीत तो रोपांच्या मुळांजवळ टाकणे योग्य नाही.

मेटाल्डिहाइडच्या गोळ्या परिणामकारक असल्या तरी कुत्र्यांना त्या प्राणघातक ठरतात. अंगणात कुत्रे, कोंबड्या किंवा लहान मुले असतील तर त्या आणूच नयेत. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या मिळाल्या तर त्या तुलनेने सुरक्षित असतात, पण त्याही वेष्टनावर दिलेल्या प्रमाणातच वापराव्यात. भारद्वाज पक्षी गोगलगायी खातो, म्हणून तो कुंपणाच्या झुडपात दिसला तर ते झूडप तोडू नये.