मोठ्या कटल्यासाठी गळ-रीळ घेताना या चुका टाळा

मोठा कटला लागून सुटला की दोष हमखास रॉडला दिला जातो. उजनीच्या बॅकवॉटरला जा, नाहीतर हिप्परग्याच्या एकरुख तलावावर, रविवारी काठावर एकच वाक्य ऐकू येतं, "रॉड हलका पडला, पुढच्या खेपेला भारीचा घेतो." आणि पोरं खरंच भारीचा घेतात, वर पुन्हा मासा घालवतात. मासा सुटतो तो गाठीपाशी, गळापाशी नाहीतर ड्रॅगपाशी, म्हणजे किती जोर आला की लाईन सुटू द्यायची ते ठरवणाऱ्या रिळाच्या ब्रेकपाशी. जिथं वीस-तीस रुपये जास्त मोजायला आणि दहा मिनिटं बसायला जिवावर येतं, नेमकं तिथंच.

ड्रॅग आवळून ठेवणं

सगळ्यात जास्त मासे या एका चुकीनं जातात आणि सांगूनही ती सुटत नाही. उजनीकाठच्या कुगावच्या बाजूला एकदा एक पोरगा शेजारी येऊन बसला. नवाकोरा रॉड, नवं रीळ, त्यावर वीस किलो ताकदीची ब्रेडेड, म्हणजे धागे विणून केलेली, लाईन. ड्रॅगची चकती फिरेल तितकी आवळलेली. म्हटलं, "बाळा, जरा सैल सोड." तर म्हणाला, "काका, सैल सोडलं तर मासा पळतोय की." अरे, पळू दे. तो पळावा म्हणूनच तर रिळावर दोनशे मीटर लाईन भरायची असते.

दुपार कलताना त्याला मासा लागला. रॉड बेचक्यातून उचलला जाईस्तोवर त्यानं झडप घालून धरला, दोन्ही पाय रोवले आणि मागं ओढायला लागला. रॉड अर्धगोल झाला, रीळ मात्र गप्प. एक इंचही लाईन सुटली नाही. पाण्यावर मोठा घोळा उठला आणि सगळं एकदम ढिलं पडलं. लाईन गुंडाळून आणली तर गळाचा वाक उघडून निम्मा सरळ झालेला, टोकाला ओठाचा पातळ तुकडा. मासा किती किलोचा असेल यावर काठावर अंधार पडेस्तोवर चर्चा चालली. मी त्याचं रीळ हातात घेऊन लाईन ओढून बघितली. हाताला वळ उठले, पण चकती हलली नाही.

कटल्याचा ओठ मऊ असतो आणि पहिली धाव जबर असते. त्या धावेला रिळानं लाईन दिली नाही, तर गळ उघडतो, गाठ तुटते नाहीतर ओठ फाटतो. लाईन वीस किलोची असून उपयोग नाही, कारण जोर पोचतो तो सगळ्यात कच्च्या जागी.

माझी रीत अशी. लाईनची जी ताकद लिहिली असेल, तिच्या पाव ते तिसऱ्या हिश्श्यावर ड्रॅग लावायचा. दहा किलोची लाईन असेल तर अडीच ते तीन किलो. वजनाचा काटा नसेल तर पिशवीत लिटर-लिटरच्या तीन भरलेल्या पाण्याच्या बाटल्या घालायच्या, लाईन रॉडच्या सगळ्या कड्यांतून ओवून पिशवीला बांधायची आणि रॉड कलता धरून उचलायची. पिशवी जमिनीवरून सुटता सुटता रीळ कुरकुरलं पाहिजे. हे घरून निघतानाच करा, माशाशी झुंज चालू असताना चकती फिरवू नका. जास्त जोर हवाच असेल तर स्पूलवर, म्हणजे लाईन गुंडाळलेल्या फिरकीवर, तळहात टेकवा, काम भागतं.

आणि मासा लाईन ओढत असताना हँडल फिरवत बसू नका. पाचास एक गिअरच्या स्पिनिंग रिळावर हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला लाईनला पाच पीळ बसतात. पुढच्या फेकीला तिचा जो गुंता होतो तो सोडवण्यात संध्याकाळ जाते.

जुना तंगूस

तंगूस म्हणजे नायलॉनची लाईन, आणि सोलापूरचा उन्हाळा नायलॉनला सोसत नाही. चाळिशीपार पारा, गाडीच्या डिकीत रॉड, काचेपाशी ठेवलेलं रीळ. उन्हानं तंगूस आतून ठिसूळ होतो आणि वरून तसाच चकचकीत दिसतो. दुकानाच्या दारात उन्हात टांगलेलं बंडल स्वस्त मिळतंय म्हणून उचलू नका, आतल्या कपाटातलं मागा. मी दरवर्षी तंगूस बदलतो. प्रत्येक खेपेनंतर पुढचे तीन-चार मीटर बोटांतून फिरवतो आणि जिथं खरखर लागते तिथून कापून टाकतो. पैसे वाया जातात असं वाटणाऱ्यांनी एका गेलेल्या माशाचा हिशेब करावा.

ब्रेडेड लाईन लांब जाते, माशाची टोच लगेच कळते, सगळं खरं. पण उन्हाळ्यात उजनीचं पाणी खाली गेलं की बाभळीचे बुंधे, खडक, जुनी बांधकामं अगदी पृष्ठभागाजवळ येतात. ताणलेली ब्रेडेड लाईन खडकाला घासली की तुटलीच म्हणून समजा. शेवटचा मीटर-दीड मीटर जाड तंगूसच लावा, 0.45 मिलिमीटरचा. गाठ आवळण्याआधी थुंकीनं ओली करा, कोरडी आवळली की घासून गरम होते आणि तिथंच कच्ची राहते.

गळाचा नंबर उलटा समजणं

नुसता आकडा असेल (1, 2, 4, 6) तर आकडा वाढला की गळ लहान होतो. 1/0 पासून पुढं आकडा वाढला की गळ मोठा होतो. 6 नंबर आणि 6/0 यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. मोठ्या कटल्याला मी 1/0 किंवा 2/0 लावतो, जाड तारेचा. टोक नखावर ठेवून हलकं ओढायचं, घसरलं तर गळ बोथट. डब्यात सुटे विकतात त्या पातळ गळांना हात लावू नका.

कटल्यासाठी तळाला शिसं

कटल्याचं तोंड वरच्या बाजूला वळलेलं असतं आणि त्याला मिशा नसतात. तो वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. तरीही लोक जड शिसं बांधून शेंगदाणा पेंडीचा गोळा गाळात रुतवतात आणि दिवसभर कटल्याची वाट बघतात. फ्लोट, म्हणजे गळ हव्या त्या खोलीवर धरणारा तरंगा, लावा आणि खोली बदलत राहा. अर्ध्या तासात जागा सोडून जाणाऱ्यांना माझ्याकडे उत्तर नाही, पेंड पाण्यात विरघळून वास पसरायला वेळ लागतो.

बाकी थोडक्यात

घडीचा टेलिस्कोपिक रॉड मोठ्या माशाला नको, सांध्यात मोडतो. आठ-नऊ फुटी दोन तुकड्यांचा घ्या.

स्पूल काठोकाठ भरू नका, दोन मिलिमीटर कड मोकळी ठेवा.

रॉड नुसता बेचक्यात टेकवून चहाला जाऊ नका, दोरीनं बांधा.

बऱ्याच तलावांचा मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडे असतो. बसण्याआधी विचारा.

आणि जाळं न्याच, रुंद कड्याचं आणि लांब दांड्याचं. रॉडनं मासा काठावर उचलायला गेलात तर शेंडा तुटेल. जाळं आधीच पाण्यात बुडवून ठेवा, मासा दमून कुशीवर झाला की डोक्याकडून त्यावर आणा. माशामागं जाळं मारत धावू नका, तो पुन्हा उसळतो. आत आला की दांडा धरून उचलू नका, तो सांध्यात मोडतो. दोन्ही हातांनी कडं धरून वर घ्या.